आतोबांची पुढची मुंबई

आमच्या आतोबांना वर्तमानकाळ मानवत नसे. कुणाला वांगं मानवत नाही, कुणाला ताक मानवत नाही, तसाच तो प्रकार होता; त्यात त्यांचा काही दोष आहे असं मला कधी वाटलं नाही. सकाळी उठून चाळीच्या गॅलरीत उभे राहून ते लालबागकडे बघत, तेव्हा समोरची गिरणी, तिचं धुराडं, खालचा भाजीवाला आणि रस्त्यातली ट्राम यांपैकी त्यांना काहीच दिसत नसे. त्यांना दिसे ते दोन हजार साल. त्या सालात धुराड्याशेजारी रॉकेट उभं असे, ट्राम गच्चीच्या उंचीवरून बिनचाकांची जाई आणि भाजीवाला टोपलीसकट काचेच्या नळकांड्यातून वर येई. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळं लालबाग त्यांना नुसतं ‘पेंटर’ म्हणे. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. आमचं बिऱ्हाड ठाकूरद्वारला, वडील कचेरीत कारकून, त्यामुळे आमच्या घरात काळ भिंतीवरच्या घड्याळाच्या धाकात असे. आत्याकडे राहायला गेलं की तो जो सुटे, तो थेट चाळीस-पन्नास वर्षं पुढे जाऊनच थांबे.

त्यांच्या या प्रकृतीचा त्रास अर्थातच आत्याला होई. आत्या बोलायला फटकळ, लग्नानंतर मुंबईत इतकी वर्षं काढूनही तिची मालवणी जराही पातळ झाली नव्हती, आणि तिचा सगळा संसार आजच्या तारखेला चालू होता. “ह्यांका रॉकेल हाडूक सांगलंय,” ती माझ्या आईला सांगे, “तर म्हणतत, फुडे रॉकेल लागाचाच नाय! फुडे म्हंजे कधी गो? आज भात कशार शिजवू?” आतोबांना हा प्रश्न गैरलागू वाटे. एकदा चाळीच्या गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवायचं ठरलं. सगळी चाळ खूश, कारण वरच्या मजल्यावर पाणी करंगळीएवढं येई. विरोध केला तो एकट्या आतोबांनी. मालकाच्या माणसाला हाताला धरून त्यांनी गच्चीवर नेलं आणि आकाशात बोट फिरवून समजावलं, की ट्राम वरून जायला लागली की नेमकी इथे वळेल आणि टाकी तिला आडवी येईल. तो माणूस बराच वेळ वर बघत राहिला. मग त्याने मुकाट्याने टाकी दुसऱ्या कोपऱ्यात बसवली. का बसवली, ते त्याला मालकालाही सांगता आलं नाही. आतोबांच्या बोलण्यात असं काहीतरी होतं, की ऐकणारा हसायचा आणि हसता हसता एक पाऊल बाजूला सरकून उभा राहायचा.

हे सगळं त्यांच्या डोक्यात आलं कुठून, तर रद्दीतून. फोर्टातल्या फुटपाथवर परदेशी मासिकांचे ढीग मांडलेले असत. त्यांच्या मुखपृष्ठांवर शेपटीला पंख फुटलेली रॉकेटं, काचेच्या घुमटाखाली वसलेली शहरं, आकाशात तरंगणारी गाडीच्या चाकासारखी गोल स्टेशनं आणि डोक्यावर काचेचा गोळा चढवलेली माणसं असत. आतोबा आठवड्याची सुट्टी त्या ढिगांपाशी उकिडवे बसून काढत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि ते यावं अशी इच्छाही नव्हती. मी एकदा मोठ्या हौसेने एक गोष्ट वाचून तिचा अर्थ सांगायला बसले, तर त्यांनी मासिकच माझ्या हातातून काढून घेतलं. “नको गो बाय,” ते म्हणाले, “वाचलंस की चित्र लहान होतं.” मी तेव्हा मॅट्रिक झालेली, नव्याने टायपिंग शिकत असलेली मुलगी, मला राग आला. पण पुढे पुष्कळ पुस्तकं वाचून झाल्यावर मला त्यांचं म्हणणं थोडं थोडं पटत गेलं.

या चित्रांपुढे ते हात जोडून बसत असं मात्र कुणी समजू नये. ते त्यांत चुका काढत. “एवढं मोठं शहर काढलंय, पण कुठे एक कपडा वाळत नाही. म्हणजे ही माणसं आंघोळ करत नाहीत?” दुसरी तक्रार अशी की पुढच्या काळात कुणी कुणाच्या दारात बसलेलं दिसत नाही. तिसरी त्या काचेच्या गोळ्याबद्दल होती. त्यात तंबाखू थुंकायची कशी, हा प्रश्न त्या चित्रकारांना पडलाच नव्हता. आतोबा नुसते विचारून थांबले नाहीत. त्यांनी तारेचा सांगाडा केला, त्याला पारदर्शक कागद चिकटवला, तोंडासमोर एक छोटी खिडकी ठेवली, खिडकीला बिजागरी आणि कडी लावली आणि तो गोळा डोक्यावर घालून अख्खा दिवस घरात वावरून पाहिलं. आत्याने चहा दिला तेव्हा आधी कडी वाजवली. ते बघून मी हसून हसून लोळले, पण आतोबांनी गंभीरपणे कडी काढली, चहा प्याले, कडी लावली आणि म्हणाले, “जमेल.” जगभरच्या चित्रकारांनी पुढचा काळ काढून ठेवला आणि त्यात आपल्याला जागाच ठेवली नाही, हे त्यांचं खरं दुखणं होतं. असं मोठ्या शब्दांत ते कधी बोलले नाहीत. ते फक्त जिथे तिथे एक धोतर वाळत घालत.

पोटासाठी ते पडदे रंगवत. कामगारांच्या नाटकमंडळ्यांना राजवाडा, अरण्य, नदीकाठ लागे आणि फोटो स्टुडिओंना बाग, कमानी, संगमरवरी पायऱ्या. हात असा की त्यांनी काढलेल्या नदीकडे बघून तहान लागावी. पण सांगितलं तेवढंच काढून थांबणं त्यांना जमत नसे. काळाचौकीच्या एका मंडळीने पौराणिक नाटकासाठी इंद्राचा दरबार रंगवून घेतला. पडदा वर गेला तेव्हा दरबारात सगळं होतं, खांब, झुंबरं, ढग, आणि सिंहासनाच्या बाजूला जाळीच्या दाराची एक लखलखीत लिफ्ट. इंद्राचं काम करणारा गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, आत आला, लिफ्ट बघून जागीच थबकला आणि भाषण विसरून तिच्या दाराशी वाट बघत उभा राहिला. पब्लिकने टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. नाटक संपल्यावर मॅनेजर तणतणत आला, “अहो पेंटर, देवांना लिफ्ट कशाला?” आतोबा म्हणाले, “किती युगं झाली त्यांना. जिने झेपत असतील काय आता?”

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई कुणाची, ती कुठल्या राज्यात जायची, यावरून गिरणगावातली प्रत्येक चाळ पेटलेली होती. मोर्च्यांचे फलक रंगवायला पेंटरशिवाय कोण? ‘झालाच पाहिजे’ ही अक्षरं त्यांनी इतक्या फळ्यांवर आणि कापडांवर लिहिली की पुढे पुढे ती झोपेतही त्यांच्या बोटांतून उमटत असावीत. पण त्या फलकांच्याही कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, एक एवढंसं रॉकेट असे. मोर्च्याचा पुढारी वैतागला. “हे काय नवीन, पेंटर?” “झालाच पाहिजे, हे तुम्ही म्हणता,” आतोबांनी ब्रश धुता धुता उत्तर दिलं, “झाल्यावर काय, ते मी काढतो.” पुढाऱ्याने फलक उचलला. रॉकेट तसंच मोर्च्यात गेलं.

आता त्या पडद्याबद्दल सांगते. पडद्यांची रीत अशी, की कापड स्टुडिओचं आणि रंग पेंटरचा. जाड मांजरपाट, त्यावर सरस घालून कालवलेला पावडरचा रंग. चित्र जुनं झालं किंवा गिऱ्हाइकं कंटाळली की ज्याने रंगवला त्यानेच पडदा नळाखाली धुवायचा आणि वाळवून नवं चित्र काढायचं. आतोबांनी असे कितीतरी राजवाडे आणि बागा आपल्या हाताने मोरीत सोडून दिल्या होत्या आणि त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. लालबागच्या नाक्यावरच्या एका स्टुडिओचे मालक, मोठे टापटिपीचे गृहस्थ, उन्हाळ्यात महिनाभर गावी जाताना त्यांच्याकडे किल्ली देऊन गेले. कारंज्याची बाग हवी, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. परत येऊन दार उघडलं तर समोर दोन हजार सालची मुंबई.

ती मुंबई मी पुष्कळदा पाहिली आहे. आभाळ फिकट जांभळं. त्यात उंच, गोल गोल मनोरे, माथ्यावर काचेचे घुमट. मनोऱ्यांमधून मासोळ्यांसारख्या निमुळत्या ट्रामी तरंगत चाललेल्या. मधोमध रॉकेटचं स्टेशन, त्याच्या कमानीवर एक लांबलचक पाटी. आणि सगळ्यात उंच मनोऱ्याला लागून, उंच उंच खांबांवर उचललेली, एक अख्खी चाळ. लाकडी कठड्यांची, लांब गॅलऱ्यांची, आमची असते तशी. गॅलरीत लुगडी आणि धोतरं वाळत घातलेली. एक बाई तांदूळ निवडते आहे, एक म्हातारा खुर्ची टाकून दाढी करतो आहे आणि त्यांच्या नाकासमोरून रॉकेट उडतं आहे, तरी दोघांनीही मान वर केलेली नाही. मला त्या चित्रात सगळ्यात आवडायचं ते हेच, त्या दोघांचं रॉकेटकडे लक्ष नसणं.

“पेंटर,” मालक कसाबसा आवाज काढून म्हणाले, “मी बाग सांगितली होती.”

“आहे ना. ही काय, धुराड्याच्या टोकावर.”

“आणि ही चाळ?”

“मग लोक राहणार कुठे?”

मालकांची नजर कमानीवरच्या पाटीवर गेली. वरच्या ओळीत ठसठशीत अक्षरांत ‘मुंबई’ लिहिलं होतं. खालची ओळ कोरी होती. ती का कोरी, असं त्यांनी विचारलं. “तिथे राज्याचं नाव यायचं,” आतोबा म्हणाले. “ते अजून ठरलं नाही. ठरल्याशिवाय कसं लिहू?” मालकांनी कपाळाला हात लावला. उडत्या ट्रामी ठरल्या होत्या, धुराड्यावरची बाग ठरली होती, खांबांवरची चाळ ठरली होती. ठरायची राहिली होती ती एवढी एक ओळ. शेवटी त्यांनी सांगितलं, “दिवाळीपर्यंत ठेवतो. गिऱ्हाईक बसलं नाही तर धुवायचा.” आणि ज्या माणसाने आयुष्यात एकही पडदा राखून मागितला नव्हता, तो हात जोडून म्हणाला, “पाटी लिहीपर्यंत राहू द्या. मग मी स्वतः धुतो.”

झालं, तेव्हापासून आतोबांना पहिल्यांदाच आजची काळजी लागली. गिऱ्हाईक आणायला हवं होतं. त्यांनी नात्यातली, शेजारची, ओळखीची जी सापडतील ती माणसं हाताला धरून त्या पडद्यासमोर नेऊन बसवली. त्यात मीही सापडले. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि दाखवायला फोटो हवा होता. आतोबा म्हणाले, मी नेतो. आईने विश्वासाने पाठवलं. मी अंबाड्यात वेणी माळून खुर्चीत बसले, मालकांनी मान जरा डावीकडे करायला सांगितली, आणि आठवड्याने फोटो घरी आला तो बघून आईने आत्याला बोलावून घेतलं. “वन्सं, माझी पोर रॉकेटच्या वाटेत बसवलीय हो तुमच्या यजमानांनी!” फोटो तरीही गेला, कारण दुसरा काढायला वेळ नव्हता. एका स्थळाकडून विचारणा आली की मुलगी विमान कंपनीत आहे काय. दुसऱ्यांनी काहीच न बोलता परत पाठवला. तिसरे परळचे एक शाळामास्तर बघायला आले, पोहे खाल्ले आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “फोटोत तुमच्या मागे धोतर वाळतंय, ते कुणाचं?” “आतोबांचं,” मी म्हटलं, “दोन हजार सालातलं.” “बरं झालं,” मास्तर म्हणाले, “म्हणजे तोवर धोतरं राहतील.” त्यांच्याशी माझं लग्न झालं. संसारात पुढे भांडणं पुष्कळ झाली, पण त्या उत्तराबद्दल मी त्यांना दर वेळी माफ केलं.

बाकी गिऱ्हाईक मात्र बिचकत होतं. नवरा-नवरी येत, पडदा बघत आणि कमानीचा जुना पडदा आहे काय असं हळूच विचारत. चिंचपोकळीचा एक साचेवाला, गिरणीतला विणकर, तेवढा हौसेने बसला आणि त्याने फोटो गावी, सावंतवाडीकडे, आईला पाठवला. महिन्याभराने गावाहून आलेल्या माणसाने स्टुडिओत येऊन निरोप सांगितला. “म्हातारी विचारता, झील खंयच्या माळ्यार रवता? आणि पडलो बिडलो तर?” मुलगा कितव्या मजल्यावर राहतो या काळजीत पडलेल्या म्हातारीने मुंबई कधी पाहिली नव्हती, पण मुंबईत काहीही असू शकतं यावर तिचा विश्वास होता. मालक हसले. आतोबा हसले नाहीत. ते धावत पडद्याशी गेले आणि त्यांनी चाळीच्या सगळ्या गॅलऱ्यांचे कठडे वीतभर उंच करून टाकले.

दिवाळी जवळ आली आणि मालक धुण्याची भाषा बोलू लागले. त्या दिवशी मी माझ्या फोटोच्या जास्तीच्या प्रती न्यायला स्टुडिओत गेले होते. आतोबा कोपऱ्यातल्या बाकावर पडद्याकडे पाठ करून बसले होते. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. इतक्यात सात-आठ माणसं आत आली. गिरणीतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्याग्रहाला जाऊन अटक करून घेणार होती आणि त्याआधी घरच्यांसाठी एक फोटो काढून ठेवावा असं त्यांच्या मनात आलं होतं. मालक लगबगीने कमानीचा पडदा सोडायला गेले, तर त्यांच्यातली एक बाई, रुंद कपाळाची, दांडगी, या पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

“पेंटर, ह्याच्यात आमची चाळ कुठली?”

“ही काय,” आतोबा उठून उभे राहिले.

“ही तर सगळ्यांचीच दिसतेय.”

“सगळ्यांचीच आहे.”

“आणि नळ?”

“घरटी एक. आतमध्ये.”

बाई खो खो हसली. “घरात नळ! मग सकाळचं भांडायचं कुणाशी ओ?” हा मुद्दा आतोबांच्या ध्यानातच आला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे ब्रश काढला आणि गॅलरीच्या टोकाला एक सार्वजनिक नळ काढायला घेतला. त्यांच्यातला, परळच्या चाळीत राहणारा एक सडपातळ तरुण मागे उभा होता. तो आणि त्याचं कुटुंब नुकतंच बौद्ध झालं होतं. गावी त्याच्या आईला पाणवठा अजूनही वेगळा होता. तो जवळ आला आणि म्हणाला, “एकच काढा हां, पेंटर. सगळ्यांना तोच.” आतोबांनी मान हलवली. “एकच काढतोय,” ते म्हणाले. 

मग सगळ्यात वयस्क असलेल्या कामगाराने पाटीकडे बोट दाखवलं. “खालची ओळ राहिली तुमची.”

“ते ठरायचंय अजून.”

“तेच ठरवायला चाललोय,” म्हातारा म्हणाला आणि पुढच्या रांगेत मांडी घालून बसला.

फोटो निघाला. मालकांनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि ते कापड झटकण्याच्या निमित्ताने आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. मंडळी गेल्यावर ते आतोबांना एवढंच म्हणाले, “राहू दे हा. पाटी लिहीपर्यंत.”

त्यानंतर पडदा राहिला. गिऱ्हाइकांना सवय झाली, मग गोडी लागली. त्या दोन-तीन वर्षांत गिरणगावातल्या किती बारशी-मुंजींच्या आणि लग्नांच्या मागे ती मुंबई उभी राहिली! पुढे राज्य होणार असं वारं वाहू लागलं, वर्तमानपत्रं तसं लिहू लागली. मी आतोबांना म्हटलं, “आता लिहून टाका ना ती ओळ. ठरल्यातच जमा आहे.” “जमा आहे आणि झालंय, यात फरक आहे बाय,” ते म्हणाले. मासिकातल्या चित्रावरून चंद्रावर वस्ती मान्य करणारा हा माणूस या एका बाबतीत कोर्टाच्या कारकुनासारखा वागत होता. त्यातच मालक आजारी पडले, त्यांनी स्टुडिओ दुसऱ्याला दिला आणि गाव गाठलं. नवा मालक तरुण, नव्या पद्धतीचा. त्याला मागे सपाट करडा रंग हवा होता. आतोबांनी त्याला पाटीची गोष्ट सांगितली, थोडे दिवस मागितले. तो उद्धट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि उद्घाटनाचा मुहूर्त टळणार नाही असं सांगितलं. कापड स्टुडिओचं होतं.

रीतीप्रमाणे आतोबांनी पडदा आपणच धुतला, चाळीच्या नळावर. जांभळं आभाळ आधी गेलं, मग ट्रामी. एकट्याला तो पिळवेना, तेव्हा आत्या हातातलं काम टाकून आली आणि तिने दुसरं टोक धरलं. जन्मभर ती या माणसाच्या ‘फुडे’ला नावं ठेवत आली होती. पण त्या दिवशी मोरीत निळंजांभळं पाणी तुंबलं होतं त्यात तिने पाय घातला नाही, कडेकडेने चालली. राज्य जाहीर व्हायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

एक मेला सगळं लालबाग रस्त्यावर होतं. गुलाल, लेझीम, दिव्यांच्या माळा. मी आणि माझे यजमान पेढे घेऊन आत्याकडे गेलो, तर आतोबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. माझ्या मनात आलं, आज पहिल्यांदा यांना हवा तो पुढचा काळ आला आणि नेमकं त्याच दिवशी त्यांच्याकडे लिहायला पाटी नाही. मला रडू आलं. आत्याने मात्र पेढा त्यांच्या तोंडाशी नेला आणि दरडावलं, “पडदो ग्येलो म्हणान काय झाला? लोकांच्या भिंतीर फोटो आसत ना!”

आतोबा ताडकन उठून बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरू लागले. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग, चार केसांचा ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी. लालबाग, चिंचपोकळी, काळाचौकी, परळ, जिथे जिथे त्या पडद्यासमोरचा फोटो टांगलेला असेल तिथे ते जात, फ्रेम खाली काढायला लावत, खिळे उचकटत, आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या त्या पाटीच्या खालच्या ओळीत श्वास रोखून ‘महाराष्ट्र’ लिहीत. लोकांना वाटलं, पेंटरचं आता पुरतं फिरलं. पण कुणी नाही म्हटलं नाही. सत्याग्रहींच्या त्या फोटोतला म्हातारा तुरुंगातून सुटल्यावर खोकल्याने खंगला होता आणि राज्य बघायला राहिला नव्हता. त्याच्या घरी फोटोला हार होता. आतोबांनी हार काढून मांडीवर ठेवला, पाटी लिहिली, फुंकर घालून वाळवली आणि हार पुन्हा होता तसा घातला. म्हाताऱ्याच्या बायकोने विचारलं, काय लिहिलंत? “ते सांगून गेले होते तेच,” आतोबा म्हणाले.

आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. माझा तो फोटो बराच वेळ भिंगाखाली धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. मान डावीकडे केली होती ना मी! पाटी नेमकी माझ्या डोक्यामागे गेली होती. तिचा एक कोपरासुद्धा बाहेर नव्हता. मी म्हटलं, “असू द्या हो आतोबा, एक राहिला म्हणून काय बिघडलं?” त्यांनी ऐकलं नाही. फोटो खिडकीच्या उजेडासमोर धरला, माझं डोकं कुठे येतं ते बोटाने चाचपलं आणि तो उलटा करून, पाठच्या पांढऱ्या बाजूवर, बरोबर त्या जागी, दोन्ही ओळी काळ्या शाईने लिहिल्या. “पाटी तुझ्या मागे आहे,” ते म्हणाले, “मग मागेच लिहायला हवी.”

आतोबा जाऊन फार वर्षं झाली, आत्याही गेली. दोन हजार साल आलं आणि गेलं. ते बघायला ते हवे होते असं मला अजून वाटतं, आणि नव्हते हेही बरं असं कधी कधी वाटतं. आता मी परळला, आमची चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये राहते. मनोरे त्यांनी काढले होते तसेच आहेत, काचासुद्धा आहेत. लिफ्टमध्ये शिरलं की मला इंद्र आठवतो. फक्त सोसायटीचा नियम आहे की बाल्कनीत बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालायचे नाहीत. मी घालते. माझी नऊवारी कठड्यावरून खाली सोडली की दोन मजल्यांवरून तक्रार येते. मागच्या महिन्यात सेक्रेटरी स्वतः आला. तरुण, गोड बोलणारा मुलगा आहे. “आजी, प्लीज, बिल्डिंगचं एलिव्हेशन खराब दिसतं,” असं म्हणता म्हणता त्याची नजर भिंतीवरच्या माझ्या फोटोवर गेली. तो जवळ जाऊन बघत राहिला. “हा कुठला प्रोजेक्ट आहे, आजी? आपल्या एरियातलाच वाटतो.”

फोटो फ्रेम करताना मी मागे पुठ्ठ्याऐवजी काच बसवून घेतली होती. मी तो भिंतीवरून काढला आणि उलटा करून त्याच्या हातात दिला. “पत्ता मागे आहे,” मी म्हटलं.

त्याने दोन्ही ओळी वाचल्या. मग फोटो पुन्हा सरळ करून अगदी डोळ्यांजवळ नेला. “आजी, पण इथे तर सगळीकडे कपडे वाळताहेत.”

“हो,” मी म्हटलं. “ते पहिल्यापासून ठरलेलं आहे.”

तो हसला आणि फोटो माझ्या हातात देऊन गेला. मी बाल्कनीत जाऊन साडी चाचपून पाहिली. वाळली होती, तरी तशीच राहू दिली.